होळी ते मृग

आदिवासी मुलखाबद्दल आपण जे वाचत आलो, त्यातलं बरंचसं थंडीत पाहिलेलं आहे. ब्रिटिश अंमलदाराचा दौरा नोव्हेंबरात निघायचा आणि ऊन तापू लागलं की आटोपायचा. तंबू, घोडी, खानसामा, आणि ओझी वाहायला वेठीला धरलेले गावकरी, असा त्याचा लवाजमा असे. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं 1871 सालचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ वाचताना अजूनही मजा येते. त्याची नजर तीक्ष्ण आहे आणि जंगल त्याला कळतं. पण ज्या राज्ययंत्रणेतून तो लिहीत होता, ती हिवाळ्यात जंगलात आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी राहणारी होती. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळा लागला की पचमढीला चढायचं. त्यामुळे कागदावर जो सातपुडा उतरला, त्यात धान्य नुकतंच घरात आलेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि संध्याकाळी शेकोटीभोवती नाच चालू असतो. ते खोटं नव्हतं, पण ती वर्षातल्या चार महिन्यांची गोष्ट होती.

साहेब गेला, दौऱ्याची सवय राहिली. आजही पाहणीचे दौरे, कॉलेजांची शिबिरं, शहरी पर्यटकांच्या सहली बहुतेक दिवाळी ते शिवरात्र या काळातच होतात. हा संग्रह उरलेल्या दिवसांतला आहे. होळीच्या सुमारास पाठीवर सॅक टाकून निघालेल्या आणि मृगाच्या तोंडावर परतलेल्या लोकांनी नंदुरबारचा सातपुडा, मेळघाट, पालघर-शहापूरचा डोंगरपट्टा आणि गडचिरोलीचा दक्षिण भाग इथे पायी, एसटीने आणि मिळेल त्या जीपने केलेल्या प्रवासाचे हे लेख आहेत. लेखकांमध्ये शिक्षक आहेत, नर्स आहेत, एक निवृत्त सर्वेअर आहे आणि नोकरी सोडून फिरणारी दोन-तीन तरुण मंडळी आहेत.

उन्हाळाच का, हा प्रश्न कुणीही विचारील. यात मर्दुमकी नाही, आणि ज्यांच्या लिखाणात ती डोकावली त्यांचे ते परिच्छेद संपादनात गेले. माझ्या मते कारण वेगळं आहे. थंडीत फिरणारा स्वतःपुरता असतो. त्याच्या बाटलीत पाणी पुरतं, तो दिवसभर चालू शकतो, उघड्यावर झोपू शकतो. मे महिन्यात हे जमत नाही. सकाळी दहानंतर त्याला सावली मागावी लागते, दुपारी कुणाच्या तरी पडवीत पडावं लागतं आणि पाणी तर मागावंच लागतं. पाहणारा मागणारा होतो. मागणाऱ्याला गाव वेगळं दिसतं, कारण गाव त्याच्याकडे वेगळं पाहतं. या संग्रहातलं चांगलं लिखाण याच ठिकाणाहून आलं आहे.

नवख्या वाचकासाठी उन्हाबद्दल थोडं सांगायला हवं. पेपरात छापून येतं ते तापमान सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. खडकाळ वाटेवर भर उन्हात चालणाऱ्याच्या वाट्याला येतं ते त्याहून बरंच जास्त. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं नवलाचं नाही. पण तिथली हवा कोरडी असते, घाम वाळतो, आणि घाम वाळण्यातूनच शरीर थंड राहतं. फसगत होते ती वेगळीच. घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी झाल्याचंही कळत नाही. उलट डहाणू-तलासरीकडे 36 अंशांतच जीव नकोसा होतो, कारण दमट हवेत घाम अंगावरच राहतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जावं लागतं. गडचिरोलीत भर उन्हातून आलेल्याच्या हातात आंबील ठेवतात, ती याच अनुभवातून. अशा ठिकाणी शहरातून नेलेल्या क्षारांच्या पुड्या सॅकमध्येच राहिलेल्या बऱ्या.

या मुलखातून पायी जाण्याची परंपरा मराठीला नवी नाही. सर्वांत जुनी वाट परिक्रमेची. नर्मदेची परिक्रमा अडीच हजार किलोमीटरांहून मोठी; परिक्रमावासी चातुर्मासात थांबतो, एरवी चालत राहतो, म्हणजे उन्हाळा त्याला चुकत नाही. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, अंगावरचं वस्त्रही काढून घेत, आणि लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणण्याची रीत होती. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत मराठीत या वाटेवरचं लेखन सतत होत आलं. हे लेखन मला प्रिय आहे, तरी एक तक्रार आहे. त्यात नदी देवता असते, चालणारा साधक असतो आणि काठावरचा पाडा बहुधा त्याच्या परीक्षेपुरता येतो. मामा का लुटतो, त्याच्या घरात मे महिन्यात खायला काय असतं, हे साधकाच्या वाटेवर येत नाही. ते त्याचं कामही नव्हतं म्हणा.

दुसरी वाट दौऱ्याची. तिच्यात फोर्सिथ आहे, 1825 साली उभ्या राहिलेल्या खानदेश भिल्ल कोअरचा जेम्स औट्रम आहे, 1916 साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींची चार खंडांत नोंद करणारे रसेल आणि हिरालाल आहेत. मोजणं, वर्गवारी करणं, ताब्यात ठेवणं यासाठी हे ज्ञान जमलं. आज आदिवासींच्या हक्काच्या लढाईत याच कागदांचे दाखले काढावे लागतात, हा त्यातला विरोधाभास.

तिसरी वाट राहून पाहणाऱ्यांची. व्हेरियर एल्विन शामराव हिवाळे यांच्यासह 1932 साली मंडला भागात गेले आणि तिथलेच झाले. ‘द बैगा’ 1939 चं, मुरियांच्या घोटुलवरचा, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरावरचा, ग्रंथ 1947 चा. एल्विन यांनी प्रेमाने लिहिलेल्या घोटुलची पुढे उथळ लेखकांनी आणि कॅमेरेवाल्यांनी चटकदार वस्तू करून टाकली, त्याचं पाप त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण गडचिरोलीच्या गावात शिरणारा परका तरुण आजही पहिला प्रश्न घोटुलबद्दल विचारतो आणि गावातल्या मुली घरात जातात. दुर्गाबाई भागवतही संशोधनासाठी मध्य प्रांताच्या जंगलात हिंडल्या. तिथे झालेल्या विषबाधेने त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या. रानात काय खावं, कसं शिजवून खावं हे ज्ञान किती नेमकं असतं आणि ते नसलं तर काय किंमत पडते, याचा याहून कडू दाखला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मला माहीत नाही.

चौथी वाट मला सर्वांत जवळची. गोदावरी परुळेकर ठाण्याच्या वारली मुलखात हिंडल्या त्या संघटना बांधायला. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 साली आलं. प्रवासवर्णन म्हणून ते कुणी वाचत नाही, पण वाचून पाहावं. पाड्यापाड्यांतून चालणं, रात्रीच्या बैठका, माणसांचं आधी घाबरून लांब राहणं आणि मग हळूहळू बोलू लागणं, हे सगळं त्यात आहे. शिवाय उन्हाळ्याचं अर्थशास्त्र आहे. लग्नं उन्हाळ्यात, लग्नासाठी कर्ज सावकाराचं, आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. अशा बांधलेल्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. वारल्यांची झरी येथली परिषद 1945 च्या मे महिन्यातच भरली, वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारण्यासाठी. पुढे शहाद्याची श्रमिक संघटना आली, नर्मदा बचाओ आंदोलन आलं. या लोकांनी सातपुडा ज्या पायवाटांनी पालथा घातला, त्यातल्या काही आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहेत.

रानाचे लेखक, माडगूळकर आणि चितमपल्ली, यांचा ऋणनिर्देश इथे एका वाक्यात करतो. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे आणि आमच्या पिढीने पक्षी त्यांच्याच डोळ्यांनी पाहिले. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’चा उल्लेख मात्र ठळक करायला हवा. भामरागडच्या माडियांमध्ये वर्षानुवर्षं राहिल्याशिवाय ते पुस्तक लिहिताच आलं नसतं. आणि वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, नजूबाई गावित, उषाकिरण आत्राम यांच्या लेखनाने तर ‘जाऊन पाहणं’ या कल्पनेलाच प्रश्न विचारला. ज्याला पाहायला तुम्ही जाता, तो स्वतः लिहितो आहे. मग तुमच्या लिहिण्याचं प्रयोजन काय? या प्रश्नाला या संग्रहातल्या प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं आहे. काहींना ते देता आलं नाही, तसं त्यांनी लिहिलं आहे.

आता खुद्द उन्हाळ्याकडे वळतो. डोंगरातलं उन्हाळ्याचं वेळापत्रक शहराच्या उलट असतं. मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे वेचायची असतात. मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. झाडाचा तळ साफ करायला पालापाचोळा जाळतात. त्यातून वणवे लागतात, आणि वनखात्याशी दर वर्षी वाद होतो. वेचलेली फुलं अंगणात वाळतात तेव्हा गावभर तो गोडसर, जडसा वास असतो. शहरी माणसाला मोह म्हटलं की दारू आठवते. घरातल्या बाईच्या हिशेबात तो पावसाळ्यातल्या उपासमारीवरचा साठा असतो, बाजारात मिठाच्या-मिरचीच्या बदल्यात घालायचं चलन असतं आणि त्याच्या बिया तेल असतात.

मग तेंदूचा हंगाम. पंधरा-वीस दिवसांचा, पण गडचिरोलीतल्या कित्येक घरांची वर्षाची रोकड त्यातून येते. पहाटे पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी मोजून द्यायची. लहान मुलंही सराईतपणे मोजतात. पूर्वी ठेकेदार म्हणेल तो भाव असे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र बदललं. 2009 साली मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर बऱ्याच ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. अशा ग्रामसभेत दुपारी बसायला मिळणं ही उन्हाळ्यात फिरणाऱ्याची कमाई आहे. हिशेब मोठ्याने वाचले जातात, बायका मधेच थांबवून विचारतात, आणि पाहुण्याला कुणी विचारलं नाही तर त्याने गप्प बसावं हे आपोआप कळतं.

कुठली गावं उन्हाळ्यात भरलेली आणि कुठली रिकामी, हेही ठाऊक असावं. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले असले तरी होळीला घरी येतातच. भोंगऱ्या बाजार आणि काठीची राजवाडी होळी पाहायला जाणाऱ्याला ढोल आणि मोरपिसांचे टोप दिसतात. त्या गर्दीतली निम्मी माणसं परवापर्यंत कुठल्या फडावर होती ते दिसत नाही. मेळघाटातल्या कोरकूंचंही तसंच, होळीसारखा सण नाही. उलट रायगड-ठाण्याकडची कातकरी वाडी याच दिवसांत ओस असते. माणसं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर असतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. वाडीत गेलात तर कुलपं आणि दोन-चार म्हातारी माणसं भेटतील. ‘गावात काही नव्हतं’ असं लिहून पुढे जाणारे लेखक असतात. आमच्या संग्रहातली एक लेखिका मात्र वाडीतून उठून भट्टीवर गेली.

पाण्याचं काय सांगावं! मोखाडा-जव्हारला पाऊस एवढा पडतो की विदर्भातल्या माणसाला ऐकून खरं वाटू नये. पण काळ्या कातळात तो मुरत नाही, उतारावरून निघून जातो, आणि एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहणं सुरू होतं. याच डोंगरपट्ट्यात मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत: 1892 चं तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, अलीकडचं मध्य वैतरणा. जलाशयाचं निळं पाणी वरून दिसत असताना पाड्यावरच्या बाया खाली विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरत असतात. मुंबईहून आलेल्या बॅकपॅकरने अशा पाड्यावर बाटली पुढे करण्याआधी ती आपल्या घरच्या नळाला कुठून भरते याचा विचार करायला हरकत नाही. तरीही त्याला पाणी मिळतं. नाही म्हटलेलं या संग्रहात एकाही लेखात आलेलं नाही, आणि वीस लेख वाचून झाल्यावर मला याच गोष्टीने जास्त अस्वस्थ केलं.

गावांइतकीच महत्त्वाची आहेत ती मधली छोटी शहरं. धडगाव, मोलगी, धारणी, जव्हार, एटापल्ली, भामरागड. प्रवासी त्यांना ओलांडून ‘खऱ्या’ आदिवासी गावाकडे जायची घाई करतो. मला वाटतं आदिवासी जगणं समजायला आठवडी बाजारासारखी जागा नाही. डोंगरातून पहाटे निघालेली माणसं नऊला पोचतात, चारोळी, मोह, कोंबड्या विकतात, मोबाईल दुरुस्त करून घेतात, बँकेत अंगठा लावतात, सोयरीक जमवतात आणि ऊन कलल्यावर क्रूझर जीपच्या टपावर बसून परततात. भाव व्यापारी ठरवतो, तराजू व्यापाऱ्याचा असतो आणि भाषा बाजाराची असते: नंदुरबारकडे अहिराणी, धारणीत हिंदी, सिरोंच्याकडे तेलुगू. चालणाऱ्याला इथेच लॉज मिळतो, नाहीतर शाळेचा व्हरांडा. आणि इथूनच संध्याकाळची मुक्कामी एसटी सुटते, जी रात्री शेवटच्या गावात थांबते आणि सकाळी परत फिरते. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर हे या मुलखाचे सर्वांत मुरलेले प्रवासी, पण त्यांचं लिखाण मिळवण्यात आम्हाला यश आलं नाही.

हे सगळं आत्ता का छापायचं? एक तर वाटा बदलत आहेत. जिथे आठ तास चालावं लागे तिथे डांबर आलं, मोटरसायकल आली, आणि गावकरी त्यावर खूश आहेत. रस्ता झाल्याबद्दल हळहळणाऱ्या प्रवाशाने बाळंतीण झोळीतून नेणाऱ्यांशी एकदा बोलावं. रस्त्यामागून पर्यटन येतं आहे: होमस्टे, मोहाचे लाडू, ‘आदिवासी नृत्य’ सायंकाळी साडेसातला. यातून चार पैसे गावात राहत असतील तर नाक मुरडणारे आपण कोण. पण सीमा लागते. 2012 साली अंदमानातल्या जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा देश हादरला होता. त्याचं सौम्य रूप आपल्याकडे रोज मोबाईलमध्ये चित्रित होतं.

गडचिरोलीबाबत आणखी एक गोष्ट. तिथे हिंसाचार गेल्या काही वर्षांत बराच निवळला आहे, तरी परक्या माणसाच्या येण्याची नोंद होते. तो परत जातो आणि चौकशी होते ती त्याला भाकरी देणाऱ्याची. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी अशी चौकशी झेललेल्या घरात मुक्काम मागण्याआधी पोलीस पाटलाला आणि ग्रामसभेला सांगावं, आणि नको म्हटलं तर बाजाराच्या गावी परतावं. तसंच कोंबडीचं. पाहुणा आला की कोंबडी कापतात. ती घरची तेलमिठाची तजवीज असते. नको म्हटलं तर अपमान, खाल्ली तर नुकसान. लेखकांनी यातून काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत आणि त्यावर आमच्यात भांडणंही झाली. ती मिटलेली नाहीत, म्हणून दोन्ही बाजू पुस्तकात तशाच ठेवल्या.

शिवाय ऊन वाढतं आहे. उष्णतेची लाट ही आता बातमी राहिलेली नाही, दर वर्षाचा भाग झाली आहे. उन्हात पान तोडणाऱ्या, वीट थापणाऱ्या, खडी फोडणाऱ्या माणसाला दुपारी सावलीत पडायची मुभा नसते. प्रवाशाला ती असते. हा फरक जिथे लेखकाच्या ध्यानात आला, तिथे लेखन एकदम वरच्या पट्टीत गेलं आहे.

लेखांचा क्रम प्रदेशाप्रमाणे न लावता दिवसांप्रमाणे लावला आहे. सुरुवात सातपुड्यातल्या होळीपासून होते, मधे मोह, लग्नं, तेंदू, पाणी, आणि शेवट पहिल्या वळवाच्या आसपास. वाचकाने सलग वाचायलाच हवं असं नाही. प्रवासाची तयारी म्हणून वाचणाऱ्याला पाणी, मीठ, पायताण आणि एसटीच्या वेळा यांबद्दल कामाचा मजकूर जागोजाग सापडेल, पण मुक्कामाच्या यादीसारखा हा ग्रंथ वापरता येणार नाही. लहान पाड्यांची नावं आम्ही मुद्दाम बदलली आहेत, बाजारांची नाहीत.

एक उणीव आधीच सांगतो. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 साली ग्रामीण विकासावरच्या आपल्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्यांच्या नजरेचे जे दोष मोजले, त्यात डांबरी रस्त्याचा मोह होता आणि कोरड्या ऋतूचाही. गावाचे सर्वांत वाईट दिवस पावसाळ्यात असतात आणि तेव्हा बाहेरचा माणूस येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेळघाटाला आणि मोखाड्याला ते तंतोतंत लागू आहे. बालमृत्यूंच्या बातम्या जून ते सप्टेंबरमध्ये येतात, भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने तेव्हाच तुटतो, आणि उन्हाळ्यात वाळवलेला मोह तेव्हाच शिजतो. आमचे लेखक मृगाच्या आधी घरी पोचले. पावसाळ्यातले लेख हवे असतील तर ते तिथे राहणाऱ्यांकडूनच यावे लागतील. त्यातले दोन पुरवणीत आहेत, एक धडगावकडच्या पावरा शिक्षकाचा आणि एक धारणीच्या आशा कार्यकर्तीचा. दोघांनीही प्रवासवर्णन लिहायला नकार दिला. एकाने शाळेपर्यंतच्या वाटेची दैनंदिनी दिली आहे आणि दुसरीने जुलैतल्या घरभेटींची.